दिनविशेषात गोवाही येऊ द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात भविष्याच्या बाजूला दिनविशेषाचा जो छोटा चौकोन येतो, त्याबद्दल हे पत्र. पेपर हातात आला की कोण आधी निधनवार्ता बघतं, कोण भविष्य, कोण क्रिकेट. मी आधी तो चौकोन वाचते. मी फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या शाळेत प्रार्थना झाली की एक मूल फळ्यावर सुविचार लिहायचं आणि दुसरं पेपरातला दिनविशेष मोठ्यानं वाचायचं. अजूनही कितीतरी शाळांत हे चालतं. म्हणजे तुमच्या पेपरातल्या बाकी कुठल्याही बातमीपेक्षा हा चौकोन लहान मुलांच्या तोंडून जास्त वेळा वाचला जातो, आणि म्हणूनच त्यात काय छापलं जातं याची मला काळजी वाटते.

तर माझं म्हणणं असं की आपला पेपर गोव्यात छापला जातो, गोव्यातच वाचला जातो, पण दिनविशेषात गोवा येतो तो फक्त १८ जून, १९ डिसेंबर आणि ३० मे (घटक राज्य दिन) या तीन तारखांना. वर्षातले बाकीचे दिवस कुठल्या तरी देशात कसला तरी शोध लागला, कुठल्या तरी बादशहाचा मृत्यू झाला, कुठल्या नटाचा वाढदिवस आहे, अशा पाचसहा ओळी एकाखाली एक येतात. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो आणि वाचणाऱ्या मुलाशी तर नसतोच नसतो. वाईट आहे असं नाही, जगाची माहिती हवीच. पण त्याच तारखेला आपल्या मातीत काय घडलं तेही शेजारी आलं तर मुलाला ती तारीख आपली वाटते आणि मग तिच्या आधारानं जगातली दुसरी गोष्टही लक्षात राहते. हे मी वर्गात बघितलेलं आहे.

१९ डिसेंबरचंच घ्या. त्या दिवशी तुम्ही गोवा मुक्तिदिन छापता, पुरवणी काढता, सगळं छान असतं. १९६१ साली त्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वानं शरणागतीवर सही केली आणि १५१० पासून चालत आलेली ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम असताना त्यानं तो मानला नाही आणि त्यामुळे खूप रक्तपात टळला, हेही मुलांना सांगायला हवं. पण त्याच १९ डिसेंबरला १९२७ साली, म्हणजे बरोबर ३४ वर्षं आधी, गोरखपूरच्या तुरुंगात रामप्रसाद बिस्मिल, फैजाबादला अशफाकउल्ला खान आणि अलाहाबादला रोशन सिंह यांना फाशी दिलं होतं. काकोरीच्या रेल्वे लुटीच्या खटल्यातले हे तिघं, चौथे राजेंद्र लाहिरी, त्यांना दोन दिवस आधीच १७ तारखेला गोंड्याला फाशी दिलं. गोव्यातल्या किती मुलांना हे माहीत आहे? आम्ही १९ डिसेंबरला शाळेत झेंडावंदन करतो, पेढे वाटतो, आणि त्याच दिवशी उत्तर प्रदेशात काकोरीच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन पाळला जातो हे आम्हाला ठाऊकच नसतं, आणि तिकडच्या लोकांनाही बहुतेक ठाऊक नसेल की त्याच तारखेला गोवा सुटला. एका ओळीत दोन्ही छापलं तर काय जातं?

आणि १८ डिसेंबरही सोडू नका. १९६१ साली त्या दिवशी अंजदीव बेटावर उतरताना आपले ७ नौसैनिक गेले. आणि त्याच दिवशी मुरगाव बंदरात पोर्तुगीजांचं जे लढाऊ जहाज निकामी झालं त्याचं नाव होतं आफोंसो द आल्बुकेर्क, म्हणजे ज्यानं गोवा घेतला त्याचंच नाव. तो स्वतः १६ डिसेंबर १५१५ ला गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावरच वारला होता. आणि १६ डिसेंबर म्हटलं की आज सगळ्या देशाला आठवतो तो १९७१ चा विजय दिवस, ढाक्यातली शरणागती. हे असं एकातून एक निघत जातं, म्हणून मला तारखांचा नाद आहे.

माझी सगळ्यात आवडती तारीख १२ मार्च. १२ मार्च १९११ ला पेडण्यात भाऊसाहेब बांदोडकर जन्मले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. आणि १२ मार्च १९१३ ला सातारच्या बाजूला देवराष्ट्रे गावात यशवंतराव चव्हाण जन्मले, महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री. दोन शेजारच्या राज्यांचे पहिले मुख्यमंत्री एकाच तारखेला जन्मलेले, दोन वर्षांच्या अंतरानं! आणि भाऊंचं तर सगळं राजकारणच गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मुद्द्यावर उभं राहिलेलं. त्या वादात आज कोण कुठल्या बाजूचा ते राहू द्या, माझ्या घरातच दोन बाजू होत्या. पण ही गोष्ट मी वर्गात सांगितली की पोरं एकदम गप्प होऊन ऐकायची, आणि मग कोणीतरी विचारायचं की ते दोघं एकमेकांना भेटले का, मग विलीनीकरण म्हणजे काय, ओपिनियन पोल म्हणजे काय, फूल आणि दोन पानं ही चिन्हं कशी होती, सगळं त्यातनंच निघायचं.

त्याच १२ मार्चला १९३० साली गांधीजी साबरमतीहून ७८ जणांना घेऊन दांडीला निघाले. मीठ म्हटलं की पेडण्याच्या मुलाला आगरवाडा आठवणार, तिथं मिठागरं आहेतच. पण मिठाचा आणि गोव्याचा इंग्रजांशी याहूनही जुना संबंध आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, त्यात मुरगावचं बंदर आणि रेल्वे होणार म्हणून पोर्तुगीजांनी गोव्यातल्या मिठावरचा ताबा इंग्रजांना दिला आणि बदल्यात दरसाल ४ लाख रुपये घेतले. १८९२ पर्यंत हे चाललं. आपल्याच आगरात पिकलेल्या मिठावर आपला हक्क नाही, हे गोंयकारांनी दांडीच्या अर्धशतक आधी भोगलं होतं. आता सांगा, दिनविशेषात नुसतं "१९३० दांडी यात्रेस प्रारंभ" असं छापलं तर हे कुठे कळतं? मला माहीत आहे की चौकोनात इतकं सगळं मावणार नाही, पण "१९११ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म, पेडणे" एवढं तरी मावतंच ना.

काहीजण म्हणतील की हा निव्वळ योगायोग, त्यात काय एवढं. बरोबर आहे, योगायोगच आहे. वर्षात दिवस ३६५ आणि इतिहास हजारो वर्षांचा, म्हणजे प्रत्येक तारखेवर ढीगभर घटना पडणारच. २३ माणसं एका खोलीत असतील तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असते, आणि ४० मुलांचा वर्ग असेल तर ती जवळजवळ ८९ टक्के होते. मी हे गणित मुलांना वर्गातच करून दाखवायचे, सगळ्यांच्या जन्मतारखा फळ्यावर लिहायला लावून, आणि बहुतेक वर्षी जोडी निघायचीच. त्यामुळे तारखा जुळल्या म्हणून त्यात काहीतरी दैवी संकेत आहे असं मला बिलकुल म्हणायचं नाही, आणि कुणी म्हणत असेल तर ते पेपरात छापूही नये. अमेरिकेचे दोन अध्यक्ष, अ‍ॅडम्स आणि जेफरसन, दोघंही ४ जुलै १८२६ ला वारले, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, आणि मन्रो हे आणखी एक अध्यक्षही पुढे १८३१ ला ४ जुलैलाच गेले. आपले स्वामी विवेकानंद समाधिस्थ झाले तेही ४ जुलैला, १९०२ साली. यातून काही सिद्ध होत नाही. पण लक्षात राहतं.

मात्र एक फरक दाखवायलाच हवा आणि तो हल्ली कुठलाच पेपर दाखवत नाही. काही तारखा आपोआप जुळतात आणि काही माणसांनी मुद्दाम जुळवलेल्या असतात. २६ जानेवारी ही मुद्दाम जुळवलेली. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि जानेवारीचा शेवटचा रविवार स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचं ठरवलं, तो रविवार १९३० साली २६ तारखेला आला. राज्यघटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण ती पूर्णपणे लागू करायला दोन महिने थांबले ते ही २६ जानेवारी साधायची म्हणून. हे झालं ठरवून केलेलं. आणि गोव्याचं काय? २६ जानेवारी १८५२ ला सत्तरीतल्या नाणूस किल्ल्याचा दीपाजी राण्यांनी ताबा घेतला आणि पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारलं, ते १८५५ पर्यंत चाललं. १८५७ च्या उठावाच्या पाच वर्षं आधीची गोष्ट आहे ही, आणि लाहोरच्या ठरावाच्या आधी पाऊणशे वर्षांहून जास्त! हा मात्र शुद्ध योगायोग. प्रजासत्ताकदिनाला वाळपईच्या, होंड्याच्या, साखळीच्या शाळेतल्या मुलानं दीपाजीचं नाव घेऊ नये का, त्याच्या घरापासून नाणूसचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. दिल्लीची परेड तो टीव्हीवर बघेलच, पण सत्तरीच्या रानात त्याच तारखेला काय झालं होतं ते त्याला गोव्यातल्या पेपरानंच सांगायला हवं, दुसरं कोण सांगणार?

१५ ऑगस्ट तर त्याहून गुंतागुंतीची. इंग्रजांनी आधी जून १९४८ ची मुदत दिली होती, माउंटबॅटननी ती अलीकडे आणली आणि १५ ऑगस्ट निवडली कारण दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपाननं शरणागती जाहीर केली होती आणि आग्नेय आशियातल्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचे प्रमुख माउंटबॅटनच होते. म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख ही एका युद्धाच्या शेवटाची तारीख आहे. कोरियातही १५ ऑगस्ट हाच मुक्तिदिन, कारण तेच. योगी अरविंद १८७२ साली १५ ऑगस्टला जन्मले हा मात्र योगायोग. देश १९४७ ला सुटला, गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला, आणि म्हणून १९५५ साली सत्याग्रहींनी गोव्यात शिरायला हीच तारीख निवडली, तीही अगदी ठरवून. गोव्याच्या सरहद्दीवर पत्रादेवीला गोळीबार झाला. त्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून २० हून जास्त सत्याग्रही गेले. त्यात पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैल सिंह होता, तरुण शिक्षक, ज्याचा गोव्याशी तसा काहीएक संबंध नव्हता. आमचं आणि देशाचं नातं काय ते समजून घ्यायला याहून चांगली तारीख नाही. पण १५ ऑगस्टच्या दिनविशेषात पत्रादेवी मी क्वचितच वाचलं आहे, आणि वाईट वाटतं ते याचंच. आणखी एक सांगते, त्याच १५ ऑगस्टला १५३४ साली पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतलं, त्यातनं पुढे जेझुइट संस्था झाली, आणि त्या सातांत फ्रान्सिस झेवियर होते, जे १५४२ ला गोव्यात पोचले. मॅरीच्या सणाचा दिवस म्हणून त्यांनी तो निवडला. एकाच तारखेत जुन्या गोव्यातले सायब, म्हणजे झेवियर, तेही आले आणि पत्रादेवीचे हुतात्मेही आले. गोवा असाच आहे.

आता जरा किचकट भाग, पण संपादकांनी याकडे लक्ष द्यावं ही खास विनंती, कारण तारखा छापताना इथंच सगळा घोळ होतो. आज आपण जे कॅलेंडर वापरतो ते १५८२ साली सुरू झालं. त्या साली पोर्तुगाल, स्पेन वगैरे देशांत ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला, मधले १० दिवस गाळले. इंग्रजांनी मात्र हे मानलं नाही, ते जुन्याच कॅलेंडरवर राहिले ते थेट १७५२ पर्यंत. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं एकाच दिवसाला इंग्रज एक तारीख म्हणत होते आणि पोर्तुगीज दुसरी. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला, तिथीत काही वाद नाही. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता आणि त्याच्या हिशेबानं ती तारीख ६ जून १६७४. पण त्याच दिवशी जुन्या गोव्यात पोर्तुगीज कारकून कागदावर १६ जून लिहीत होता! आपण ६ जून पाळतो ते इंग्रजी हिशेबानं. महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख आणि ३ एप्रिल १६८० ही पुण्यतिथीची तारीखही तशीच जुन्या कॅलेंडरची.

आणि याचा सगळ्यात गंमतीचा, म्हणजे मला स्वतःला थक्क करून गेलेला नमुना संभाजी महाराजांचा. त्यांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ ला झाला असं आपण छापतो. गोव्यातला ओपिनियन पोल, म्हणजे विलीनीकरणावरचा जनमत कौल, झाला १६ जानेवारी १९६७ ला, संघप्रदेश राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं आणि विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. दोन्ही १६ जानेवारी, वाटतं केवढा योगायोग, ज्या राजानं गोव्यावर स्वारी केली त्याच्या राज्याभिषेकाच्याच दिवशी गोव्यानं आपलं ठरवलं. पण नव्या कॅलेंडरनं बघितलं तर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक येतो २६ जानेवारीला. म्हणजे १६ तारखेची जोडी तुटली आणि दीपाजी राण्यांच्या तारखेशी नवी जोडी लागली. तर यातली खरी कुठली? दोन्ही खऱ्या, पण कुठल्या कॅलेंडरनं ते लिहिल्याशिवाय छापलं तर वाचणाऱ्याची फसगत होते. कुंकळ्ळी गावानं पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या उठावाचंही हेच, १५८३ सालचा तो. कुठे १५ जुलै वाचायला मिळतो, कुठे २५ जुलै, आणि लोक भांडत बसतात की कुणाचं खरं. फरक बरोबर १० दिवसांचा आहे, जुन्या आणि नव्या कॅलेंडरात आहे तेवढाच. "जुनी तारीख" एवढे दोन शब्द पुढे लावले की झालं. पंचांग तर तुम्ही रोज छापताच, तर जुन्या घटनेच्या पुढे तिथी दिली तरी चालेल, आपल्या गावातल्या जत्रा आणि शिगमो तिथीनंच चालतात, लोकांना ते पटकन कळतं.

२५ नोव्हेंबरबद्दलही लिहायचं होतं. १५१० साली त्या दिवशी आल्बुकेर्कनं आदिलशहाकडून गोवा दुसऱ्यांदा घेतला, तो सांता कातारिनाचा सण होता, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावानं आहे. एक तारीख दगडात बांधून ठेवल्यासारखीच ती इमारत उभी आहे आणि आम्ही पाहुण्यांना घेऊन तिथं जातो, फोटो काढतो, पण ते नाव का पडलं हे कोण सांगत नाही. पुढे १७३ वर्षांनी, १६८३ साली, २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी बघून संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी जुवें बेट घेतलं, ते जुन्या गोव्याच्या अगदी समोर. २५ तारखेला व्हाइसरॉय स्वतः ते परत घ्यायला गेला आणि त्याला मागं फिरावं लागलं. म्हणजे ज्या सणाच्या दिवशी पोर्तुगीज दरवर्षी विजय साजरा करायचे नेमक्या त्याच दिवशी राजधानी जाते की राहते अशी पाळी आली. मग व्हाइसरॉय सायबाच्या शवपेटीपाशी गेला आणि आपला राजदंड त्यांच्या हातात ठेवला असं सांगतात. जानेवारीत मोगलांची फौज मागून आली म्हणून मराठ्यांना वेढा सोडावा लागला, नाहीतर गोव्याचा इतिहास वेगळाच झाला असता असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच २५ नोव्हेंबरला १९८४ साली यशवंतराव चव्हाण गेले, ज्यांचा जन्मदिवस भाऊंच्या तारखेचा. (१५१० ची तारीख जुन्या कॅलेंडरची आणि १६८३ ची नव्या, हे इथंही ध्यानात ठेवायला पाहिजे, वर मी तेच सांगितलं.)

लढाया आणि राजकारणच नको, आमच्या कलाकारांच्या तारखाही द्या. केरीच्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या. त्याच्या ११ दिवस आधी, ५ सप्टेंबरला, त्यांच्या आवाजातली भैरवी, "जात कहाँ हो", सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून व्हॉयेजर-१ यानात बसून अवकाशात निघाली होती. आणि १६ सप्टेंबर हा एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा जन्मदिवस, १९१६ चा. देशातल्या दोन थोर गायिका एका तारखेवर, एक उत्तरेच्या गाण्यातली नि एक दक्षिणेच्या. मंगेशीचे मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ ला गेले, आणि २४ एप्रिल १९७३ ला सचिन तेंडुलकर जन्मला. पोरांना सचिनची तारीख पाठ असते, दीनानाथांची नसते, मग एकीला धरून दुसरी शिकवता येते. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आणि सत्यजित राय दोघंही २ मेला जन्मलेले, १९२६ आणि १९२१, आणि लिओनार्दो दा विंची वारला तोही २ मेला, १५१९ साली. कवी बाकीबाब बोरकर जन्मले ३० नोव्हेंबर १९१० ला, त्याच तारखेला १८५८ साली जगदीशचंद्र बोस. ३१ जुलैला तर किती माणसं, १८८० साली प्रेमचंद आणि १९०७ साली आमच्या कोसंबेचे दामोदर कोसंबी जन्मले, १९४० साली उधम सिंह फासावर गेले, १९८० साली रफीसाहेब गेले, आणि १५५६ साली सायबांना हिंदुस्थानात पाठवणारे इग्नेशियस लोयोला वारले. कोसंबींचं नाव आपल्या चौकोनात मी अजून वाचलेलं नाही. गणितात आणि इतिहासात जगानं मानलेला माणूस, आणि गोव्याच्या पेपरात त्याच्या वाढदिवसाला एक ओळ नसावी?

आणखी एक. हल्ली दिनविशेष व्हॉट्सॲपवर पण फिरतात आणि बऱ्याच शाळांत शिक्षकसुद्धा घाईत मोबाइलवरून वाचून दाखवतात. १४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी दिलं असा मेसेज दरवर्षी येतो आणि दरवर्षी लोक तो पुढे पाठवतात. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला. राजगुरू आणि सुखदेव बरोबर होते. इतकी मोठी तारीखसुद्धा लोक तपासत नाहीत, मग गोव्याच्या छोट्या गावातल्या घटनेचं काय होणार? छापील पेपरवर अजून लोकांचा विश्वास आहे. आमच्या वाडीवर कुणाचं काही अडलं की "पेपरात आलंय का" असं विचारतात. म्हणून ही जबाबदारी तुमच्यावर जास्त येते. राणी लक्ष्मीबाईंचा बलिदान दिवस बहुतेक पुस्तकांत १८ जून १८५८ आहे, काहींत १७ जून, अशा वेळी दोन्ही छापा, लाज वाटायचं काही कारण नाही. (१८ जून म्हणजे आपला क्रांतिदिन. १९४६ साली मडगावात भर पावसात डॉ. लोहिया उभे राहिले आणि पोर्तुगीज कॅप्टननं पिस्तूल काढल्यावर त्याचा हात बाजूला सारून बोलायला लागले. झाशीची राणी आणि लोहिया एका तारखेवर, हे क्रांतिदिनाच्या भाषणात मी अजून एकाही वक्त्याकडून ऐकलेलं नाही.)

तर आता विनंती सांगते. रोजच्या चौकोनात निदान एक ओळ गोव्याची असू द्या, आणि ती ओळ वर असू द्या, खाली जाहिरात आली की शेवटची ओळ कापली जाते म्हणून. १७५२ च्या आधीची घटना असेल तर तारीख जुनी की नवी ते लिहा. तारीख कुणी मुद्दाम निवडलेली असेल तर दोन शब्दांत का ते सांगा. वर्षाचे सगळे दिवस भरतील का अशी शंका तुम्हाला येईल, पण भरतात. गावोगावच्या वाचनालयांत जुनी पुस्तकं आणि स्मरणिका धूळ खात पडल्या आहेत, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या पेपरांच्या फाइली आहेत, तिथं कुणी बसलं तर महिन्याभरात यादी होईल. मी स्वतः माझ्या वहीतल्या तारखा, कुठल्या पुस्तकातून घेतल्या ते लिहून, तुमच्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. तुमच्या माणसांनी त्या तपासाव्यात आणि ज्या पटतील त्याच छापाव्यात. सुरुवात येत्या २६ जानेवारीपासून करता आली तर फार बरं होईल, आणि त्या दिवशी पहिली ओळ नाणूसची असावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
फोंडा